वाळ्याचा हंस

रविवार, १४ जानेवारी १९६२. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धानोऱ्याच्या तलावावर, हरभऱ्याभोवती लावलेल्या मासळीच्या जाळ्यात एक हंस अडकला. जाळं अमरसिंगचं होतं, हरभराही त्याचाच. वेळेची नोंद धर्मपाल मास्तरांच्या वहीत आहे, कारण त्या वेळी समोरच्या काठावर बसून ते तेच हंस मोजत होते. आकडा दोनशे बारावर आला होता. तेवढ्यात सगळा थवा एकदम उठला आणि मोजणी मोडली.

धानोरा दिग्रसपासून अकरा मैलांवर आहे. पाऊस संपून तलाव उतरू लागला की दक्षिणेच्या काठावरून जमिनीची एक लांब जीभ पाण्यात उघडी पडते. तिच्या तीन बाजूंना पाणी असतं. जवळच्या बंजारा तांड्यातली माणसं तिला दांड म्हणतात आणि ओल्या गाळावर हरभरा पेरतात. डिसेंबरात उत्तरेकडून हंस येतात आणि रात्री तो हरभरा खुडतात. पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या, नारिंगी पाय. मास्तरांच्या वहीत त्यांचं नाव पट्टकादंब. गावात नुसतं हंस.

धर्मपाल धानोऱ्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वय एकतीस. १९५६च्या ऑक्टोबरात घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन ते बौद्ध झाले आणि त्यांनी नाव बदललं. शाळेच्या दप्तरात ते नवं नाव चढायला चौदा महिने लागले. पक्षी मोजण्याची सवय दुर्बिणीमुळे लागली. ती त्यांचे मामा, हवालदार नागोराव, यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आणली होती. तिची उजवी काच तडकलेली होती, म्हणून मास्तर डावा डोळाच लावत. हिवाळ्यातला एकही रविवार त्यांनी चार वर्षांत चुकवला नव्हता.

थवा का उठला हे पाहायला ते तलावाला वळसा घालून दांडावर गेले. पोचायला अर्धा तास लागला. तोवर तांड्यातली सात-आठ माणसं जमली होती. हंस जाळ्यासकट पोत्यावर ठेवला होता. अमरसिंगच्या हातात विळा होता आणि त्याचे वडील, तांड्याचे नायक नेमसिंग, त्याच्या आणि हंसाच्या मधे उभे होते.

"मास्तर, तुमीच सांगा बुढ्याले," अमरसिंग म्हणाला. "महिनाभर माह्या हरभऱ्यावर पोसलं हे. आता माह्या घरी एक दिवस जेवाले गेलं तर काय बिघडलं?"

"चूप राय," नेमसिंग म्हणाले. "मास्तर, याच्या पायाकडं पाहा."

डाव्या पायात पांढऱ्या धातूचा वाळा होता. मास्तर गुडघ्यांवर बसले. वाळ्यावरचा चिखल त्यांनी थुंकीने पुसला आणि अक्षरं वाचली. वरच्या ओळीत मोस्क्वा. खाली सी आणि मग पाच आकडे: ७१४०६.

"काय लिहेल हाय?"

"मॉस्को. म्हणजे रशियाची राजधानी. आणि हा याचा नंबर."

नेमसिंगांनी मान हलवली. त्यांना हवं ते कळलं होतं. "म्हनजे मालक तिथला."

मालक नाही, असं मास्तरांनी समजावून पाहिलं. पक्षी कुठून कुठे जातात हे शोधायला काही विद्वान लोक त्यांच्या पायात असे वाळे घालतात आणि सोडून देतात. ज्याला असा पक्षी मिळेल त्याने नंबर आणि तारीख कळवायची, पक्षी जिवंत असेल तर उडवून द्यायचा, एवढंच काम.

नेमसिंगांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्यानं डाग देल्ला त्याचा माल, मास्तर. डाग लोखंडाचा असो का वाळ्याचा. मालकाले इचारल्याशिवाय आपल्याले मारता बी येत नाई आन सोडता बी येत नाई."

हा तांड्याचा जुना कायदा होता. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. शेकडो बैलांच्या अशा काफिल्याला ते लदेणी म्हणत. चुकलेलं जनावर वाटेत सापडलं आणि त्याच्या अंगावर दुसऱ्याचा डाग असला, तर ते पाच माणसांच्या डोळ्यांसमोर बांधायचं, आपल्या बैलांच्या आधी त्याला चारा घालायचा आणि मालक येईपर्यंत सांभाळायचं. शेती धरून दोन पिढ्या झाल्या तरी नियम राहिला होता. पण नेमसिंग तो एवढा घट्ट धरून होते त्याला जुनेपणापेक्षा जवळचं कारण होतं.

नोव्हेंबर १९६० मध्ये एक डागाचा बैल रात्री तांड्याच्या गुरांत मिसळला होता. कुणाच्या लक्षात यायच्या आत सकाळी ठाण्याची माणसं आली. नेमसिंगांचा धाकटा भाऊ शंकरसिंग चार दिवस कोठडीत बसला. बैलाच्या मालकाने स्वतः येऊन जनावर चुकलं होतं असं सांगितलं, तेव्हा सुटला. गुन्हा कधी नोंदला गेला नाही. पण शंकरसिंगचा उजवा कान त्यानंतर ऐकेनासा झाला आणि तो बायको घेऊन तेलंगणात सासरी राहायला गेला. तो परत आला नव्हता.

त्यामुळे त्या सकाळी पाच माणसं बोलावली गेली. हंस जाळ्यातून सोडवला गेला. अमरसिंगने पंखाची पिसं कापायची सूचना केली, म्हणजे उडून जायला नको.

"मालकाच्या मालाले कात्री लावाची नाई," नेमसिंग म्हणाले.

मग नायकाची बायको बिजलीबाई हिने जुन्या ओढणीची पट्टी फाडून मऊ दोरी वळली आणि हंसाच्या दुसऱ्या पायाला बांधली. तिने हंसाची मान हाताने उचलून पाहिली आणि ही मादी आहे असं जाहीर केलं. या पक्ष्यांत नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, असं मास्तर म्हणाले.

"तुमाले येत नसन ओळखता," बिजलीबाई म्हणाली. "कशी पाह्यते तं पाहा. सासरी आल्यावानी."

त्या दिवसापासून सगळे तिला 'ती' म्हणू लागले. मास्तरांच्या वहीतही पुढे तसंच आहे.

मास्तरांनी त्याच दुपारी मुंबईच्या एका पक्षी संस्थेला पत्र लिहिलं. तिचा पत्ता त्यांच्याकडे होता, कारण ते दरवर्षी आपले आकडे तिला पाठवत. वाळ्याची अक्षरं, नंबर, ठिकाण, तारीख. शेवटी एक ओळ: पक्षी जिवंत आहे, पण मालकाचा निरोप आल्याशिवाय सोडला जाणार नाही, तरी उत्तर लवकर यावं.

उत्तराची वाट पाहताना नेमसिंग स्वस्थ बसले नाहीत. मास्तरांशी चर्चा न करता ते तिसऱ्या दिवशी हंस टोपलीत घालून बाजारच्या गावी कोंडवाड्यात गेले. चुकार जनावर सरकारात जमा करायची ती जागा. तिथले मुन्शी नानाजी चष्मा पुसून टोपलीत डोकावले.

"हे काय जी, नायक?"

"चुकार हाय. डागाचं हाय. जमा करून घ्या, पावती द्या."

नानाजींनी भिंतीवरचा फळा दाखवला. "हत्ती, उंट, घोडा, खेचर, बैल, म्हैस, गाढव, डुक्कर, शेळी. हंस कुठी लिहेल हाय काय?"

"हत्ती हाय तं हंस काहून नाई? हत्ती आलता काय इथी कधी?"

"नाई आला. पन आला तं मले त्याचा कायदा माहीत हाय. याचा नाई माहीत." नानाजींनी टोपलीवर फडकं परत घातलं. "नायक, घरी न्या. कोनाले दाखवू नका, नाई तं संध्याकाळी मसाला वाटाले घेतील."

नेमसिंग टोपली घेऊन परतले. मात्र फडकं घालूनही व्हायचं ते झालंच. बसमध्ये टोपली ओरडली.

रविवार, ११ फेब्रुवारी. तलावावर हंस १९०. सकाळी साडेनऊला ठाण्याचे जमादार सायकलवर तांड्यात आले. रशियाचा छाप असलेला पक्षी बंजाऱ्यांनी धरून ठेवला आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. मास्तर तिथेच होते. मोजणी झाली की ते हंस पाहायला येत, आणि बिजलीबाई त्यांच्यासाठी चहा टाके.

जमादारांनी वाळा वाचायचा प्रयत्न केला, मग मास्तरांना वाचायला लावला. "रेडिओ वगैरे नाही ना याच्या अंगात?"

"नाही."

"कशावरून?"

"दाणे खाते साहेब," बिजलीबाई दारातून म्हणाली. "रेडिओ असता तं गाने म्हनली असती."

जमादार हसले नाहीत. त्यांनी खिशातल्या वहीत दोन ओळी लिहिल्या आणि जाताना नेमसिंगांना उद्देशून म्हणाले, "ज्याचा आहे तो येईपर्यंत हा इथून हलता कामा नये. तुझ्या ताब्यात आहे, तू जबाबदार. समजलं? मागच्या वेळचं लक्षात असेलच."

"असते ना साहेब," नेमसिंग म्हणाले.

हा हुकूम तोंडी होता. त्याचा कागद कुणालाही दिला गेला नाही.

त्या आठवड्यापासून नेमसिंग हंसाजवळ खाट टाकून झोपू लागले. सकाळ-संध्याकाळ अमरसिंग तिला लांब दोरी बांधून पाण्यावर नेई. सुरुवातीला तो कुरकुरत असे. तांड्यातले जोडीदार त्याला विचारत, "काय रे, सकाळी सकाळी वहिनीले घेऊन कुठी चालला?" फेब्रुवारीच्या शेवटी त्याने कुरकुर थांबवली. ती कोणत्या जागेचं गवत खाते, कुठे मान खाली घालत नाही, हे तो मास्तरांना आपणहून सांगू लागला आणि मास्तर ते लिहून घेऊ लागले.

मुंबईचं उत्तर २३ फेब्रुवारीला आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं, एक पान. मास्तरांनी ते तांड्यात नेलं आणि वाक्यावाक्याचा अर्थ सांगितला. संस्थेने आभार मानले होते. वाळा मॉस्कोच्या केंद्राचा असून नंबर तिकडे कळवला आहे. वाळा घातल्याने पक्ष्यावर कुणाची मालकी येत नाही. पक्षी वाळ्यासकट ताबडतोब सोडून द्यावा. मार्चअखेर हे पक्षी हिमालय ओलांडून परत जातात. थवे गेल्यावर मागे राहिलेला पक्षी इथल्या उन्हाळ्यात जगणं कठीण.

नेमसिंगांनी कागद हातात घेतला, उलटून पाहिला. "हा कागद कोनाचा?"

"मुंबईच्या संस्थेचा."

"आन डाग?"

"मॉस्कोचा."

"मंग मुंबईवाला दलाल झाला. दलालाच्या कागदावर माल सोडते काय कोनी? मालकाचा कागद आना, मास्तर. तुमी म्हनता तसं होईन. एका हातानं कागद घेतो, दुसऱ्या हातानं दोरी सोडतो."

"नायक, ते मालक नाहीतच. त्यांनीच लिहिलंय."

"दलाल काय लिहीन दुसरं?" नेमसिंग आवाज न चढवता म्हणाले. "तुमच्यावर माहा भरोसा हाय. पन उद्या ठान्यात तुमी नाई, मी बसन. मले इचारतील, कोनाच्या हुकमानं सोडलं? मी काय सांगू? मास्तरनं सांगतलं?"

मास्तरांनी घरी जाऊन मुंबईला दुसरं पत्र लिहिलं: मॉस्कोचं उत्तर आलं की तारेने कळवा.

मार्चमध्ये आकडे उतरू लागले. ४ तारखेला ९६. ११ला ७०. १८ला ४३. हंस संध्याकाळी दांडावर जमत, बराच वेळ ओरडत आणि अंधार पडता पडता एखादी रांग वर चढून उत्तरेकडे निघून जाई. रांग तांड्यावरून जाऊ लागली की खाली बांधलेली ती हाक देई. वरूनही उत्तर येई. मग वरचा आवाज लहान होत जाई आणि खालचा तसाच चालू राही.

१८ तारखेला हवालदार नागोराव भाच्याबरोबर तलावावर आले होते. दुर्बीण त्यांची, म्हणून पहिली पाळी त्यांची. त्रेचाळीस मोजून त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

"पुढच्या रविवारी एक बी राहनार नाई, धर्मा. काय करतं मंग?"

"तार आली तर ठीक."

"नाई येत. रशियाची तार धानोऱ्याले येते काय." त्यांनी बिडी पेटवली. "मी काय म्हनतो. तांड्यात इंग्रजी कोनाले येते?"

"कोणालाच नाही."

"मंग एक कागद घे. मस्त जाडा कागद. लिही, मी मालक, मले पोचलं, सोडून द्या. खाली शिक्का मार शाळेचा, उलटा. कोन पाह्यते? पाखरू सुटते, नायक सुटतो, तू बी सुटतं."

मास्तरांनी त्रेचाळीसचा आकडा वहीत लिहिला. मग म्हणाले, "मामा, तांड्याचे सगळे कागद मीच वाचतो. कोर्टाचं समन्स, तलाठ्याची नोटीस, शंकरसिंगची पत्रं. एकदा खोटं वाचलं तर पुढचा खरा कागद कोण वाचून घेईल माझ्याकडून?"

"त्यायले समजनार बी नाई."

"मला समजेल ना."

"तू लय कोरडा हायेस लेका," हवालदार म्हणाले. "पलटनीत असता तं एका महिन्यात बढती नाई तं कोर्ट मार्शल." त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

होळी २१ मार्चच्या सुमारास झाली. तांड्याचा तो सर्वांत मोठा सण. पाच दिवस डफ वाजतो, माणसं फेर धरतात. या वर्षी नायक फेरात आले नाहीत. हंसाने दाणे खाणं सोडलं होतं. बिजलीबाईने हरभरा भिजवून दिला, गव्हाचे कोंब दिले, शेवटी हातावर पाणी घेऊन चोचीशी धरलं. चार दिवस तिने जवळजवळ काही खाल्लं नाही. छातीचं हाड हाताला लागू लागलं.

रविवार, २५ मार्च. दुपारी साडेचारला मास्तरांनी तलाव पूर्ण पाहिला. हंस १९. तार आलेली नव्हती. ते तांड्यात गेले तेव्हा नेमसिंग हंसाजवळ उकिडवे बसले होते. त्यांच्या म्हाताऱ्या आई, रुपीबाई, कुडाच्या सावलीत गोधडीवर टेकून होत्या. वय ऐंशीच्या पुढे. नजर अधू झाली होती. जुन्या लदेणीबरोबर लहानपणी पायी चाललेलं तांड्यात आता त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

"किती राह्यले?" नेमसिंगांनी विचारलं.

"एकोणीस. बहुतेक आज-उद्या तेही जातील."

"मेली तं?"

"काय?"

"माह्या दारात मेली तं? मालकाले काय तोंड दाखवू? डागाचं जनावर मरू देल्लं, असं सात पिढ्यांत झालं नाई." "सोडली तं चोर. ठेवली तं मारेकरी. सांगा मास्तर, तुमच्या पुस्तकात काय हाय यावर?"

बोलल्या त्या रुपीबाई, आणि आधी त्यांनी मास्तरांनाच प्रश्न केला.

"मास्तर, हे बाकीचे पाखरं जाऊन राह्यले कुठी?"

"उत्तरेला, आजी. हिमालयाच्या पलीकडे."

"आन इच्या पायात वाळा घातला तो गाव?"

"तोही तिकडेच कुठेतरी."

"म्हनजे एकाच वाटेवर."

"हो. जवळजवळ."

रुपीबाईंनी मुलाकडे तोंड फिरवलं. "नेमा. मालकाच्या वाटेनं जानारा तांडा समोर बसला हाय, आन तू कागद कायले पाहून राह्यला?"

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. मिठाच्या वाटेवर एकदा दुसऱ्या नायकाचा बैल त्यांच्या लदेणीत आला. त्यांना दक्षिणेला जायचं होतं आणि बैलाच्या मालकाचा गाव उत्तरेला. थांबणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांच्या वडिलांनी उत्तरेकडे जाणारी दुसरी लदेणी येईपर्यंत दोन मुक्काम वाट पाहिली आणि बैल तिच्या नायकाच्या हवाली केला. पाच माणसं इकडची साक्षीला. नायकाने नायकाला सांगायचं: हा माल अमक्याचा, तुझ्या वाटेवरचा, नेऊन घाल. तेवढ्याने इकडचा नायक मोकळा.

"आन पोच?" नेमसिंगांनी आईला विचारलं. "पोचला का नाई, कसं समजे, याडी?"

"परतीच्या वाटेवर भेटले तं सांगे. नाई भेटले तं नाई."

नेमसिंग उठले. खाटेवरचा पटका घेऊन त्यांनी तो नीट बांधला. वेळ लावून बांधला. मग मास्तरांना विचारलं, "त्यायचा नायक कोनता?"

मास्तरांनी चेष्टा आहे का म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती.

"सगळे चरत असले तरी एक-दोघं मान वर करून पाहात असतात," ते म्हणाले. "पहाऱ्यावर. त्यातलाच एक आधी उठतो."

"हां. तोच असन."

"नायक, जमादार काय म्हणाले ते लक्षात आहे ना? हलवू नका म्हणाले होते."

"मालकाच्या वाटेले लावून देनं म्हनजे हलवनं नाई. तुमी लिहा. सगळं लिहा."

मास्तरांनी वहीचं पान फाडलं आणि दांडावर उभ्या उभ्या पंचनामा लिहिला. मजकूर असा: "आज दि. २५ मार्च १९६२ रोजी सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी, धानोरा तलावाच्या दांडावर, डाव्या पायात मोस्क्वा सी ७१४०६ असा वाळा असलेला एक हंस, दि. १४ जानेवारीपासून नेमसिंग नायक यांच्या सांभाळात असलेला, त्याच जातीच्या व त्याच दिशेने जाणाऱ्या एकोणीस हंसांच्या हवाली खालील पाच पंचांसमक्ष करण्यात आला. पक्षी जिवंत, पंख शाबूत, वाळा जागेवर. अंगाने उतरलेला." शेवटचे दोन शब्द नेमसिंगांनी घालायला लावले. पाच अंगठे उठले. लिहिणारा म्हणून मास्तरांनी सही केली, हुद्द्यासकट. हुद्दा लिहू नका, नोकरी सरकारी आहे, असं अमरसिंग म्हणाला. मास्तरांनी तो आधीच लिहिला होता.

थवा दांडाच्या टोकाला, दीडशे पावलांवर होता. नेमसिंग हंस काखेत धरून शंभर पावलं पुढे गेले. एकोणीसही माना वर झाल्या. बाकीचे मागे थांबले, पण वारा तिकडून होता, त्यामुळे नायकाचं बोलणं ऐकू आलं. ते बंजारा बोलीत नव्हतं, मराठीतच होतं, पंचनाम्यासारखं सावकाश.

"राम राम. हे तुमच्या वाटेचं हाय. आमी मारलं नाई, कापलं नाई. मालकाले नेऊन घाला."

बिजलीबाईने पुढे होऊन दोरीची गाठ सोडली. त्या गाठीला वेळ लागला. मग नेमसिंगांनी हात उघडले.

ती उडाली नाही. काही वेळ तशीच उभी राहिली. मग चालत पाण्याकडे गेली, पाण्यात शिरली, आणि चाळीस-पन्नास हात पोहून गेल्यावर पंख आपटत पाण्यावरून धावू लागली. ती वर उठली, पुरुषभर उंचीवर जेमतेम, आणि थव्याच्या अलीकडे खाली उतरली. थवा तिच्यापासून वीस पावलं सरकला. ती त्याच्या मागे सरकली. थवा पुन्हा सरकला. तिसऱ्या वेळी तो कमी सरकला.

अंधार पडेपर्यंत मास्तर दुर्बीण लावून होते. शेवटचं जे दिसलं त्यात सगळे एका रांगेत होते, पण रांगेत किती होते हे मोजता आलं नाही.

सोमवार, २६ मार्च, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. तलावावर हंस नाहीत.

अमरसिंगचं म्हणणं, तो पहाटे शेतावर होता आणि वरून जाणारे त्याने वीस मोजले. त्याला विसाच्या पुढे मोजता येतं का, असं एकाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, विसाच्या पुढे मोजायची गरजच पडली नाही. बिजलीबाईने दोन दिवस तलावाचा सगळा काठ, लव्हाळा आणि बेशरमीची झुडपं पालथी घातली. पिसं किंवा रक्त कुठे मिळालं नाही. लांडगे आणि कोल्हे तिकडे आहेत, पण ते खाल्लेल्या जागेवर पिसं टाकतात. मास्तरांच्या वहीत त्या तारखेसमोर लिहिलं आहे: १९ किंवा २०.

मॉस्कोचं उत्तर मुंबईमार्गे ९ जुलैला आलं. सी ७१४०६ हा वाळा जून १९५९ मध्ये मध्य आशियातल्या डोंगरांतल्या एका सरोवरावर, पिसं झडून उडता न येणाऱ्या एका पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या पायात घातला होता. त्यानंतरची ही पहिलीच खबर. कळवणाऱ्याचे आभार मानले होते. मास्तरांनी ते वाचून दाखवलं.

"पोचली का नाई, ते कुठी हाय?" नेमसिंगांनी विचारलं.

"ते नाही यात. हे पत्र त्यांनी एप्रिलमध्ये लिहिलेलं आहे."

"मंग पुन्हा इचारा."

मास्तरांनी पुन्हा विचारलं. त्या पत्राला अजून उत्तर नाही. जमादार ऑगस्टमध्ये एकदा तांड्यावरून गेले. त्यांनी हंसाबद्दल विचारलं आणि नेमसिंगांनी पंचनामा दाखवला. जमादारांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात टाकला आणि निघून गेले. त्याची नक्कल मास्तरांकडे आहे. ठाण्यातून त्यानंतर विचारणा झालेली नाही. प्रकरण बंद झालं असंही कुणी सांगितलेलं नाही.

या हिवाळ्यात हंस उशिरा आले. रविवार, ९ डिसेंबर १९६२ रोजी सकाळी तलावावर अडतीस होते. मास्तर आणि नेमसिंग दोघेही समोरच्या काठावर बसून होते. दुर्बीण आळीपाळीने फिरत होती. पाऊस जास्त झाल्याने दांड अजून पाण्याखाली आहे. सगळे हंस पोटापर्यंत पाण्यात होते आणि एकाचाही पाय दिसत नव्हता.